येणे

मी मापाडी. बाजार समितीत कापूस मोजतो.
किलोला किलोच म्हणायची सवय,
म्हणून पळण्याची वहीसुद्धा नीट आखली:
नाव, गाव, किलोमीटरला किती, जमा, येणे.

बेचाळीस पळायचे. पाथरीच्या अलीकडच्या जिनिंगपासून
परभणीच्या मैदानापर्यंत,
बळीरामच्या मोटारसायकलवर दोनदा मोजून घेतलेले.
पैसे जाणार पेशंटसोबत औरंगाबादला जाणाऱ्यांच्या तिकिटाला,
दवाखान्यासमोरच्या खोलीच्या भाड्याला.
पेशंटला सवलत असते.
सोबत्याला भूक असते.

लोकांनी लिहिलं.
भुसार आडत्यानं अकरा, शकुन म्हणून.
गुंडेवार सरांनी पाच, "पण सगळं पळालास तरच."
चहावाला मोबीन म्हणाला, माझे मानवतपर्यंतच लिव्ह,
फुडचं मला झेपत नाही.
जणू त्यालाच पळायचं होतं.

आणि जुलेखा चाची.
शेकाच्या रांगेत अक्काच्या पुढचा नंबर त्यांचा.
गळ्यावर जांभळ्या शाईची फुली,
ती पुसू नये म्हणून ओढणी एका बाजूनं सैल.
आवाज जवळपास गेलेलाच. वही ओढून घेतली हातातून
आणि कुजबुजल्या,
"आखरी का किलोमीटर मेरा. पचास लिख.
पहले के तो सब देते."
त्या ओळीवर मग मी दुसरं नाव घेतलंच नाही.

नाताळच्या आठवड्यात चाची गेल्या.
लोक म्हणाले, एक्केचाळीसच पळ की मग.

जानेवारी. पहाटे साडेचार.
मागून गाडी आली की माझी सावली माझ्यापुढे धावायची,
गाडी गेली की मी एकटा.
उजाडलं तेव्हा बाभळींच्या काट्यांना कापूस दिसला,
ट्रकांनी जाता जाता सोडलेला, कुणीच न मोजलेला.
उसाच्या ट्रॉलीवरून एकजण ओरडला,
"काऊन पळून राहिला बे, बस हुकली का?"
"हाव," म्हणालो. तेवढाच श्वास होता.

बारा. मोबीनचे संपले.
कोल्ह्याच्या पाटीवर केळं खाल्लं, मळमळलं.
अक्काला केमोनंतर फोडणीचा वास सोसत नसे.
भाऊजी तीन महिने बिनफोडणीचं वरण जेवले,
काही बोलले नाहीत,
मीठ तेवढं पानात वरून घेत राहिले.

तिसाव्याला पोटऱ्यांचे दगड झाले.
बळीराम गाडी बाजूला घेऊन हळूच म्हणाला,
बस मागं, दोन किलोमीटर. कोण बघतंय?
मापात पाप नको, एवढं एकच बाप शिकवून गेला,
तेही तराजूच्या दांडीकडे बघत, माझ्याकडे नाही.
मी मनात आकडा लावला: इथं थांबलो तर किती बुडतील?
गुंडेवार सरांचे धरून आठशे सत्त्याऐंशी.
म्हणजे दोघांचं जाणं-येणं
आणि जमलंच तर एका रात्रीची खोली.
पायांपेक्षा आकडा जड भरला.
निघालो.

एक्केचाळीस.
इथं वहीतला पैसा न पैसा वसूल होत होता.
बळीरामनं गाडी उभी केली, पाण्याची बाटली उघडली,
झालं म्हणाला.
मी पाणी प्यालो आणि पुढं गेलो.
शेवटचा मी पळालो नाही. चाललो,
एका हातानं कंबर धरून.
दरात पळण्याचं असं काही लिहिलं नव्हतं.
पंक्चरचं दुकान, बंद दूधडेअरी,
शाळेच्या भिंतीवर सुकत घातलेल्या गोधड्या.
एक पोरगं सायकलचं चाक काठीनं पिटाळत आलं,
थोडं बरोबर राहिलं, मग कंटाळून पुढं गेलं.
मैदानात कुणी नव्हतं. झाडणारा होता.

संध्याकाळी हिशोब जुळवला.
सगळं जमा. पन्नास तेवढे कमी.
बळीराम म्हणाला, माझे टाक आणि मिटव वही.
नको म्हटलं.

जुलेखा चाची, पाथरी, शेवटचा एक, पन्नास.
जमा: कोरं.
पुढच्या रकान्यात लिहिलं
येणे,
आणि खाली रेघ मारली नाही.