गाळलेली संख्या

दांडिया बाजारात, जिन्याखाली आईचं मशीन.
खणात बॉबिनी, हुकांची डबी, निळा खडू
आणि जशुभाईंच्या बचत मंडळाचं लाल पुस्तक.
महिन्याला पस्तीस.
मी चौथीत. पस्तीसचा पाढा शाळेत नव्हताच,
मी तो त्या पुस्तकातून पाठ केला:
पस्तीस, सत्तर, एकशे पाच, एकशे चाळीस,
मग मशीनच्या तेलाचा डाग, बदामाएवढा,
मग दोनशे दहा, दोनशे पंचेचाळीस.

डागाला मी घाबरले नाही.
पुढच्यातून मागचं वजा केलं. उरले सत्तर.
सत्तराचे दोन सारखे तुकडे,
एक एकशे चाळिसात टाकला.
पाचाने भाग जातो, साताने जातो, बाकी शून्य.
तेलावर पेन्सिल उमटेना,
म्हणून दाबून लिहिलं: एकशे पंचाहत्तर.
आई शिर्केकाकूंच्या साडीला फॉल लावत होती.
पुस्तक बघितलं, दातांनी दोरा तोडला,
म्हणाली, "बरोब्बर."

आता मांजलपूरच्या शाळेत मी हेच शिकवते.
फळ्यावर बारा, चोवीस, छत्तीस,
एक रिकामी चौकट, मग साठ.
वर्ग एका सुरात ओरडतो, अठ्ठेचाळीस!
एक हात मात्र वरच राहतो. निर्झरी घाटगे.
"बाई, तिथेही छत्तीसच असेल तर?
एखाद्याने एक उडी मारलीच नाही,
आणि पुढची दुप्पट मारली?"
वर्ग हसतो.
मी खडू धरून उभी.

साठ तर तरीही येतात.
एकशे चाळीसही पस्तीसच्याच पाढ्यातला,
दोनदा आला तरी पाढ्याबाहेर जात नाही.
आणि त्या वर्षी, गणपती उठल्यावर,
न्यायमंदिराजवळच्या दुकानात
एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर काचा बदलत होता,
आता दिसतंय? आता?
आई बाकावर पिशवी मांडीवर धरून,
दुकानदार आकडा सांगेपर्यंत गप्प.
नंतर कितीतरी रात्री मशीन थांबलं की मला जाग यायची.

तेल आपोआप सांडतं का,
हेही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
मी त्याच चष्म्यातून तो डाग पाहिला होता,
त्याच चष्म्यातून वजाबाकी केली होती.

"खाली बस," मी निर्झरीला म्हणते.
मग म्हणते, नाही, थांब.
पुन्हा सांग.
जरा मोठ्याने.