स्टँडमधली वाळू

स्पीकरचे स्टँड पोकळ निघाले.
पुण्याहून आलेला पोरगा म्हणाला, काका, यात वाळू भरा,
वजन नसलं तर खर्ज पायातून निसटतो.
वाळू? मला सांगतोस?
पस्तीस वर्षं उद्यमनगरात वाळूतच गेली माझी.
फोन केला. इलाही शिकलगार सायकलला दोन पिशव्या लावून आला,
मोल्डिंगची, बारीक चाळलेली,
हजारदा तापून काळी पडलेली.
पद्मजानं दारातच 'पुढारी' अंथरला.

किंमत मी तिला निम्मी सांगितलीय.
निम्मीवरच ती दोन दिवस बोलली नाही.

पडदे ओढले. गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या.
पोरग्यानं टेपनं मोजून माझी खुर्ची नऊ इंच मागं घेतली.
तानपुरा लागला
आणि समोरची भिंत सरकली.
घड्याळ, बँकेचं कॅलेंडर, धाकट्याच्या लग्नातला फोटो,
सगळं शेजारच्या इंगवल्यांच्या हॉलमध्ये गेलं.
टीव्ही असतो तिथं एक बाई येऊन बसली,
तोंड जरा डावीकडं.
तिनं श्वास घेतला, तो आधी आला,
मग सा.
डग्ग्यावर तळवा घासला तर कातडं कळलं,
कातड्याखालची हवा कळली.
इतकी वर्षं मी गाणं ऐकत होतो की
गाण्याचा निरोप?

तेवढ्यात इलाही म्हणाला,
"मालक, डाव्या अंगाला कायतरी चिरलंय."
पोरगं हसलं. हे स्पीकर तसं करूच शकत नाहीत, म्हणालं.
मी हसलो नाही.
पंपाची बॉडी आकड्याला टांगून
हातोडीची टिचकी मारली की
चांगला माल ठण्ण करून लांब जातो,
चिरलेला जागीच बसतो.
त्या टिचकीवर इलाहीनं आजवर ढिगानं माल भट्टीत परत घातलाय,
आणि मी भांडून एकदाही जिंकलेलो नाही.
तो उठला, कान भिंतीला लावत लावत गेला,
शोकेसमध्ये कुणाच्यातरी मुंजीतली स्टीलची वाटी होती
तिच्यावर एक बोट ठेवलं.
चीर मिटली.
पोरग्यानं वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

मग पद्मजा आली, हात पिठानं भरलेले,
उंबऱ्यातच थांबली.
"बाई बांगड्या घालून बसलीय," म्हणाली.
कुठल्या बांगड्या?
"समेवर हात खाली येतो ना तिचा, तेव्हा वाजतात. काचेच्या."
मागं घेऊन परत लावलं.
मी इलाहीकडं बघितलं, इलाही माझ्याकडं.
काही नाही.

राजारामपुरीतल्या डॉक्टरनं मला कागदावर काढून दाखवलं होतं,
चार हजारापर्यंत रेघ बरी चाललीय,
पुढं पन्हाळ्याच्या कड्यासारखी सरळ खाली.
ग्राइंडर, छन्नी-हातोडी, एअर गन.
त्या वेळी कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही
नवरी म्हणायचो.
हे मी दुकानात सांगितलं नव्हतं.
दुकानात मी डोळे मिटून वा, वा केलं होतं.

म्हणजे एवढे लाख घालून
निम्मंच माझ्या वाट्याला आलं,
वरचं निम्मं तिचं.
चला, हिशोब जुळला. खोटं बोललो नव्हतो मी.

आता रोज रात्री जेवणं झाली की
ती सतरंजीवर बसते, मी मोजलेल्या खुर्चीत.
गुरुवारी कारखान्याला सुट्टी, इलाहीही येतो,
मीठ टाकून चहा घेतो, बोलत नाही.
बांगड्या वाजल्या की पद्मजा एक बोट वर करते.
आम्ही दोघं गाणं ऐकत
त्या बोटाकडं बघत बसतो.
काल सम यायच्या जरा आधीच ते उचललं गेलं.
"आली बघा," इलाही म्हणाला,
आणि मीही मान हलवली.