हातभर पट्टी

तुझ्या फॉर्मवर पाच चौकोन आहेत, पोरी.
हुकमी. समजावणारं. सोबतीचं. दूरचं बघणारं.
पाचवं वाचता येईना, चश्मा घरी राहिला.
बदलाच्या काळातलं नेतृत्व कसं होतं, म्हणतेस,
कुठे खूण करू?
बस आधी. कॉफी घे. इथली कडूच असते.

तीन नंबरच्या मशीनवर एकतीस वर्षं काढली मी.
वर्तमानपत्राचा कागद, साडेआठ मीटर पन्हा,
मिनिटाला दीड किलोमीटर धावायचा.
साऱ्या गावाला उकडलेल्या कोबीचा वास यायचा,
लोक म्हणायचे, पगाराचा वास आहे.
मग हेलसिंकीतली माणसं फोनवर बातम्या वाचू लागली
आणि वास विरत गेला.

पहिला आला रांताला.
दारावर नोटीस : सोमवारपासून खोक्यांचा पुठ्ठा.
सोमवारी तेवीस वेळा तुटला.
मंगळवारी त्याने नोटीस बदलली,
अक्षरं मोठी केली.

श्योब्लुम गोड होता.
भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या, प्रत्येकाने मनातलं लिहायचं.
लिहिलं आम्ही. आर्नेने लिहिलं, छत गळतं.
उन्हाळ्यात श्योब्लुम गेला,
शरदात त्याच गळतीखाली
चिठ्ठ्यांची शाई ओघळली.
कागदोपत्री आम्ही बदललो होतो.

हिल्क्का आली नोव्हेंबरात,
दुपारी साडेतीनलाच काळोख.
नऊ दिवस काही बोलली नाही.
बोलून तरी काय, मशीनपाशी आम्ही हातांनीच बोलतो :
मूठ म्हणजे थांब,
दोन बोटं म्हणजे कॉफी,
कपाळावर अंगठा म्हणजे साहेब येतोय.
ही शेवटची खूण ती शिकली
आणि स्वतः येताना दारातूनच करू लागली.

एकदा रात्री अडीचला कागद तुटला.
ती माझ्या शेजारी उभी.
मी दाखवलं : अख्खा पन्हा एकदम कधीच घालत नाहीत.
कडेची हातभर पट्टी कापायची,
तिला दोरांच्या बेचक्यात धरून
एका तापल्या रुळावरून दुसऱ्यावर न्यायची,
पार पलीकडे पोचली की मग हळूहळू रुंद करायची.
घाई केली तर?
तिने हातांनीच विचारलं.
मी खाली साचलेल्या ढिगाकडे बोट केलं.

आधी तिने छत दुरुस्त करून घेतलं.
मग सात माणसं, महिन्यातला एक आठवडा, पुठ्ठा.
बाकी सगळं होतं तसंच.
आर्ने म्हणाला, मी नाही.
ती म्हणाली, बरं.
तो शेवटपर्यंत आला नाही, हेही लिही.

फेब्रुवारीत सुकवणीत आग लागली
तेव्हा ती ओरडली, चर्चा नाही, बाहेर!
आणि आम्ही हूं की चूं न करता पळालो.
ती वेळ तुझ्या पहिल्या चौकोनातली.

पण मार्चमध्ये?
एकेचाळीस जणांची यादी हातात घेऊन
ती एकेका घरी गेली.
टपाल नाही, मेल नाही, ती स्वतः.
माझ्या भावाच्या स्वयंपाकघरात बसली, बोलली,
आणि त्याने तिला कॉफी विचारली नाही.
आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.
सगळं सांगून झाल्यावर उठली,
खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवली.
या खुर्चीला कुठला चौकोन?

मला विचारशील तर मलाही राग आहे.
गिरणी वाचली म्हणून राग आटत नाही.
नावं तिनेच निवडली होती,
कशी निवडली ते मी विचारलं,
ती म्हणाली, पुरेशी चांगली नाही निवडली.

आता तपकिरी पुठ्ठा धावतो, कोबीचा वास तोच.
हिल्क्का गेली, उत्तरेला कुठेशी, दुसरी बुडती गिरणी.
भाऊ अजून तिचं नाव घेत नाही.
त्याच्या नातीची खेळणी ज्या खोक्यात असतात
त्यावर आमचा शिक्का आहे.
ती बाजू तो भिंतीकडे करून ठेवतो.

कॉफी गार झाली बघ तुझी.
तो पाचवा कसला म्हणालीस?
वाच बरं एकदा.