खुर्ची उलटी करून

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
नीवेसच्या लॅपटॉपने निळ्या चौकोनात कळवलं
की तो आता म्हातारा झालाय,
यापुढे त्याची विचारपूस कुणी करणार नाही,
नवा घ्या.

तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"मी एकाहत्तरची," ती म्हणाली,
"मला नाही कुणी असं तोंडावर सांगितलं."

मांझानोच्या कारखान्यात एकतीस वर्षं
तिने खुर्च्यांच्या बैठका विणल्या.
हातात आलेली खुर्ची आधी उलटी करायची.
वरून सगळ्याच गोड बोलतात.
खालून कळतं खुंटी कशी बसलीय,
सरस कुठे ओघळलाय,
आणि शुक्रवारी घरी जायची घाई
कोणाला झाली होती.

लॅपटॉपही तिने एकदा उलटा केला होता.
एक स्टिकर. आणि असले स्क्रू,
ज्यांचा पाना गावातल्या दुकानात नव्हता.

शनिवारी एर्मेस आला, सायकली दुरुस्त करणारा,
नखांत वंगण, खिशात पेन ड्राइव्ह.
तो म्हणाला, लिनक्स.
ती म्हणाली, किती?
तो म्हणाला, काही नाही.
तेव्हा ती घाबरली.
फुकट म्हटलं की तिच्या आईला
सापळ्यातलं चीज दिसायचं.

"फोटो दुसरीकडे ठेवलेस ना?"
"ठेवले."
सगळे नव्हते ठेवले.
बहिणीच्या साठीचा एक अख्खा फोल्डर गेला,
केक, वाऱ्याने उडालेली टोपी, सगळं.
हे इथे लिहून ठेवते,
कारण या गोष्टी सांगणारे
नेमकं एवढंच गाळतात.

प्रिंटर तीन दिवस रुसला.
चौथ्या दिवशी पहाटे, कुणी न सांगता,
भोपळ्याच्या न्योकीची एकच पाककृती
त्याने अकरा वेळा छापली.

पण त्याआधी भाषांची यादी आली होती.
लांबलचक. ती बोटाने खाली सरकत गेली
आणि फ्रेंचच्या थोडं खाली थबकली.
फुर्लान.
कोंबड्यांना हाकलायची बोली,
नवऱ्याशी भांडायची बोली,
जी शाळेत ओठांवरून निसटली
तर हातावर पट्टी बसायची.
बँकेत नाही, दवाखान्यात नाही,
कारखान्याच्या फलकावर तर नाहीच.
आणि इथे ती तिला विचारत होती:
पुढे जायचं का?

एर्मेसला वाटलं ती रडेल.
ती म्हणाली, "यात एक शब्द चुकलाय."

'बंद करा'साठी जो शब्द होता
तो तिने कारखान्याच्या फाटकावर वाचला होता,
टाळ्याच्या वर, पावसाने फुगलेल्या कागदावर.
रोज रात्री तोच कशाला वाचायचा?
तिची आई निजायच्या आधी
निखाऱ्यांवर राख ओढायची,
सकाळी विस्तव मागायला शेजारी जावं लागू नये म्हणून.
त्या ओढण्याला शब्द आहे.
तो घाला.

"मग लिही त्यांना."
"कुणाला?"
"ज्यांनी लिहिलंय त्यांना."
खुर्चीवर बसणाऱ्याने
सुताराला चिठ्ठी पाठवावी
हे तिच्या एकतीस वर्षांत
एकदाही झालं नव्हतं.

नऊ आठवड्यांनी उत्तर आलं,
उदिनेच्या कुणा द्रेआचं.
शब्द फार चांगला. पण राखेखाली विस्तव जिवंत असतो,
आणि इथे यंत्र पूर्ण विझतं.
'बंद करा' तसंच राहू दे.
यंत्राला नुसती झोप लावतात,
तिथे तुमचा शब्द घेऊ का?

दोन दिवस ती धुसफुसली.
तिसऱ्या दिवशी, कॉफी उतू जाताना,
तिला पटलं की पोरगं बरोबर आहे.
पोरगं, की पोरगी, की तिच्याच वयाचं कुणी,
हे तिने विचारलं नाही.

वसंतात नवी आवृत्ती उतरली.
आता रात्री ती फाटकाच्या वाटेला जात नाही.
वरचा शब्द दाबते,
राख ओढते,
झाकण मिटते.

मग सवयीने यंत्र उलटं करते.
स्टिकर अजून तिथेच आहे.
तिने नखाने खरवडून पाहिला.
अर्धाच निघाला.