बाहीतली गाठ

इझमीरला, बाजारामागच्या आमच्या गल्लीत
बाई सत्तरीला टेकली की तिचं कफन बेततात,
आणि ते काम रडत करायचं नसतं.
सुल्ताना फ्रांकोकडे त्या सकाळी
परातभर आल्या होत्या बदामाच्या साखरगोळ्या.
कापड अंथरलं, पहिली कात्री लागली
तशा बायकांनी मूठमूठ उधळल्या त्यावर.
कात्री लागली की आयुष्य वाढतं म्हणे.
मी बारा वर्षांची. डोळे चांगले,
म्हणून सुया ओवायचं काम माझ्याकडे.

सवयीनं दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली.
सुल्तानानं हातावर चापट दिली:
"याला खिसा नसतो, याला गाठ नसते.
वर गेल्यावर सोडवत कोण बसणार?"
सगळ्या हसल्या. मीही, जरा उशिरा.

नवं वर्ष लागून चार दिवस झालेले.
वहीत नावं लिहून झाली होती,
कोणाचं साल भरणार, कोणाचं अर्ध्यात तुटणार.
शाई ओली. मोहर उठायला सहा दिवस.
या सहा दिवसांत आमची गल्ली फार सभ्य होते.
दूधवाला पाणी घातल्याचं कबूल करतो,
सासवा सुनांच्या दाराशी घुटमळतात,
कारण देवाचं देव पाहून घेईल,
पण माणसाचं देणं तो माफ करत नाही.
ते खातंच त्याच्याकडे नाही.

दुपारी ग्रासिया आली, न बोलावता.
तेवीस वर्षं तिनं ही पायरी चढली नव्हती.
सुल्ताना एकदा हमामात, केस धुता धुता
एवढंच म्हणाली होती,
"ग्रासियाच्या पेर्लाला फिट्स येतात."
येत नव्हत्या. उन्हानं एकदा चक्कर आली होती.
वाफेत बोललेलं ते वाक्य संध्याकाळी
वरपक्षाच्या दारात कोरडं होऊन उभं.
अंगठी परत आली.
पेर्ला बोटीनं ब्यूनस आयर्सला गेली,
मावशीकडे, टोप्या शिवायला.

ग्रासिया बसली. सुई मागितली. मी दिली.
एक शिवण घातली तिनं, सरळ,
माझ्या आईच्या हातापेक्षा बारीक.
माफी तीनदा मागायची असते.
सुल्तानानं तीनदा मागितली;
तिसऱ्यांदा हातातली गोळी विरघळून
बोटांना चिकटली होती.
"माझं मी सोडलं," ग्रासिया म्हणाली,
"तिचं माझ्याकडे नाही. तिच्याकडे माग."
आणि दोरा दातानं तोडला.

पत्र मी लिहिलं.
सुल्ताना सांगायची, खोडायला लावायची,
शेवटी चार ओळी उरल्या.
पत्ता ग्रासियानं दोनदा वाचून पाहिला.
एक बाही उघडीच ठेवली: उत्तर आलं की शिवू.

त्या वर्षी ती मेली नाही. पुढच्याही नाही.
अकरा वर्षं कपाटात एका बाहीचं कफन,
कसर लागू नये म्हणून लवेंडरच्या फुलांत.
पोस्टमन तीन बदलले.
दर नव्या वर्षानंतर मी तेच पत्र पुन्हा लिहायचे.
उत्तर नाही. पण पत्रही कधी परत आलं नाही,
पत्ता चुकला म्हणून.
म्हणजे कोणीतरी घेत होतं.

गेली तेव्हा फेब्रुवारी होता.
बायका तिच्यावर पाणी ओतत होत्या
आणि शेजारच्या खोलीत मी बाही शिवत होते.
शेवटचा टाका.
मी गाठ मारली.
मोहरीएवढी, काखेच्या आत. कोणाला दिसली नाही.

वाटलं, वर तिला कोणी झपाझप पुढे सरकवू नये.
कोणाच्या तरी बोटाला ती लागेल,
तो थांबेल, विचारेल, ही कशी राहिली?
मग तिला सगळं सांगावं लागेल,
हमाम, वाफ, ते वाक्य,
आणि बारा पत्रंही.

आता मी एकाहत्तर. माझं कापड आलंय.
भाचसुना सोमवारी गोळ्या आणतील.
रात्री हात आपोआप काखेशी जातो.
त्या दिवशी मी तिची वकील होते की फिर्यादी,
अजून ठरत नाही.
सुया ओवायला कोणाची तरी मुलगी लागेल.
सांगून ठेवलंय, चांगल्या डोळ्यांची आणा,
आणि गाठीचं तिला आधी काही सांगू नका.