एक ते दोन

रेवदंड्याला धाऊ नाखवा म्हणाला,
"एकट्याला पुरते, दोघांना मावते,
तिसरा आला की भांडणं."
विडी विझवली
आणि भाव दहा हजारांनी उतरवला.

तेवीस फूट. फायबरची.
माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान,
तरी कुरकुर दोघींची सारखीच :
तिचं सुकाणू, माझा डावा गुडघा.

चौतीस वर्षं अंबडला मी गेज लावून
दुसऱ्यांच्या बेअरिंगा पास-नापास केल्या.
शेवटच्या दिवशी नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
ग्रॅच्युइटीतून ही.
भाऊ म्हणाला, त्यापेक्षा पाथर्डी फाट्याला वन बीएचके घ्यायचास.

कसारा घाट ती ट्रेलरवर पाठमोरी चढली,
डोलकाठी आडवी, टोकाला लाल फडकं,
समोरून कांद्याचे ट्रक उतरत होते.
इगतपुरीच्या टपरीवर पोऱ्यानं विचारलं,
"काकू, हे विमान कुठलं?"
ओझरचं, म्हटलं.
त्याला ते पटलं.

पाटबंधारेच्या अर्जात तीन चौकोन :
मासेमारी, पर्यटन, इतर.
मी इतर.
प्रवासी संख्या : एक ते दोन.
वाघचौरे क्लार्कनं चष्मा कपाळावर सरकवला.
"एकच आकडा लिहा, बाई."
मी ते खोडलं, आणि
रकाना तसाच राहिला.

पेंट शॉपचा याकूब तीन रविवार
तिचं पोट घासत बसला.
पैसे घेतले नाहीत. मिसळ घेतली, जादा तर्रीची.

आत दोन बाक, नाळेकडे निमुळते होत गेलेले.
निजलं की डोकी लांब, पावलं जवळ.
डाव्या गादीला कुणाचा तरी खळगा,
उजव्या बाजूच्या फळीवर बारीक पेन्सिल :
"तू घोरतोस. ३ मार्च, दाभोळ."
खाली दुसऱ्या, मोठ्या अक्षरात :
"वारा होता."

खोडरबर होतं पिशवीत.
नाही काढलं.

शब्दही जुनेच मिळाले, नाखव्याकडून :
शिडाची दोरी ती दामण,
पुढचं टोक ते नाळ.
आमच्याकडे नाळ दाई कापते, एवढंच माहीत होतं.
अंजनेरीकडून वारा आला की
सुकाणूला परकराची नाडी बांधते.
दहा मिनिटं ती आपली आपण चालते,
मी आत एका बर्नरवर चहा टाकते.
किटली कलते, चहा मात्र सपाट राहतो.
हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

आणि हेच पाणी
सकाळी सव्वासहाला सिडकोत माझ्या नळाला येतं,
पाऊण तास.
हंडा भरताना हल्ली मी
नळाकडे थोडं ओळखीनं बघते.

कधी वाटतं, हिला फसवलं.
दर्याची पोर, आणली द्राक्षांच्या गावात,
एका काठावरून दुसऱ्या काठावरचं कुत्रं ऐकू येतं इतक्या पाण्यावर.
सामानाच्या कप्प्यात, बिजागरीच्या मागे
अजून मिठाचे कण आहेत.
बोटानं एकदा चाखून बघितले.
तो कोपरा पुसत नाही.

मे महिन्यात धरण उतरलं.
गंगाव्हऱ्याच्या बाजूला ती गाळात बसली,
डावीकडे कललेली, म्हशीसारखी निवांत.
घरी जायला हवं होतं. राहिले.
रात्री उजव्या बाकावरून घरंगळले
ते थेट त्या खळग्यात.
अंधारात पडल्या पडल्या
खांदा, कंबर, टाच, सगळं ताडून पाहिलं,
जुनी सवय.
मापात होतं.
पास.

सकाळी पेन्सिल शोधली.
त्या दोन ओळींच्या खाली लिहिलं :
"१९ मे, गंगापूर धरण. वारा नव्हता."
आणि मी घोरले की नाही
ते लिहायला जागा सोडली.

तेवढ्यात फोन. वाघचौरे.
"बाई, तो आकडा राहिलाय अजून."

चढू द्या हो पाणी, म्हटलं,
मग बघू.