कांदा-बटाटा मार्केट, पहाटे चार दहा

सगळ्या बाजाराला कांद्याचाच वास,
तरी कुणीतरी ओरडतंय, कांदा फोडा, कांदा हुंगवा!
दुसऱ्या कुठल्याही वेळी मी हसले असते.

दोन गाळ्यांच्या मधे हिंदुराव पडलाय.
पाठीवरचं पोतं फुटून बाजूला,
आणि त्यातले कांदे
त्याच्या टाचांच्या ठोक्यांनी
एकेक करून घरंगळतायत.
मूठ आवळलेली. मुठीत आकडा.
फिट आली की हातात लोखंड द्यावं म्हणतात,
म्हणून ज्यानं तो पोती ओढतो तोच आकडा
कुणीतरी मायेनं कोंबलाय.

आधी आकडा काढला. एप्रनच्या खिशात टाकला.
मग विचारलं, केव्हा सुरू झालं?
"लई वेळ झाला." "आत्ताच की." "आम्ही च्या घेत होतो तवा."
पोत्यागणिक वाराई तोंडपाठ असलेली ही माणसं,
पण मिनिटं कुणीच मोजलेली नाहीत.
एक म्हातारा मापाडी तेवढा पुढे आला,
काट्याची पावती बॅटरीच्या उजेडात धरून:
"ही फाडली आन् तो पडला."
पावतीवर छापलेलं, चार तीन.

म्हणजे सात मिनिटं.
पाचाच्या पुढे मेंदू
आपणहून थांबायचं विसरत जातो.

हात दाबून धरू नका.
चमचा नको, बोट नको, पाणी नको.
जीभ चावली तर भरून येईल,
दात तुटून श्वासात गेला तर काय करू मी?
बारदानाची घडी द्या डोक्याखाली.
पट्टा सैल करा.
आणि ते कांदे सरकवा हो,
मला गुडघे टेकायला जागा द्या!

कुशीवर वळवला. फेस पुसला. ऑक्सिजन.
बोटाला टोचून साखर: एकशे चार, ठीक.
दोन्ही नाकपुड्यांत औषधाचा फवारा, चार अकरा.
आणि मग
काहीच नाही करायचं.
हे कुणी शिकवत नाही नीट,
हे हात मोकळे ठेवून बसणं,
चाळीस जणांच्या नजरा मानेवर घेऊन.

चार तेराला टाचा थांबल्या.
"गेला का?" कुणीतरी हळूच.
नाही. घोरतोय, ऐका.

गाडीत हसुराम भोईर मागे न बघता विचारतो,
"मॅडम, सायरन?"
नको. रस्ता मोकळा आहे.
अरेंजा कॉर्नरला हिंदुरावनं डोळे उघडले.
नाव विचारलं, तर टोळीचा नंबर सांगितला.
पुन्हा विचारलं, तर गावाचं नाव, मग बायकोचं.
स्वतःचं सगळ्यात शेवटी.

मग माझ्या पेनाकडे बघत,
"ताई, फिट लिवू नका. चक्कर लिवा.
मुकादम पोतं देनार न्हाय पाठीवर."
गोळ्या?
"बारा दिस झालं. संपल्यात."

मी वेळा लिहिल्या. चार तीन, चार अकरा, चार तेरा.
बारा दिवस लिहिले.
पुढचा शब्दही लिहिला, जो आहे तोच.
डॉक्टरला तो लागेल.
त्याला वाचता येतं की नाही, विचारलं नाही.

"माझा आकडा कुटं हाय?"
माझ्याकडे आहे, म्हटलं.
वळणावर तो खिशातून
मांडीला टोचत होता.